चेंडू आत्याचा

...अहो, हरल्याचा राग नाही हो मला, कसे हरलो त्याचा आहे! वर्षभर पहाटे पाचला दर्यापूरच्या मैदानावर या पोरींना पळवलं, व्हॉलीबॉलची सर्व्हिस शिकवली, स्मॅश शिकवला, आणि तुम्हाला सांगतो, सगळ्यात जास्त शिकवलं ते एवढंच, की चेंडू दोघींच्या मधे आला की एकीनं 'माझा!' म्हणून ओरडायचं! बस्स! चेंडू कोणाचा? ओरडेल तिचा!

पण संघ एकाच गावचा, सगळ्या एकमेकींच्या नात्यातल्या! आकांक्षा सतरा वर्षांची, प्रणाली पंधराची, आणि ही प्रणाली त्या आकांक्षाची चुलतआत्या! चेंडू मधे आला की आकांक्षाचे हात मागे. का गं सोडलास? "सर, आत्याच्या समोरून कसा घेऊ?" आणि आत्या काय म्हणते? "मले वाटलं थे घेईन, थे मोठी हाय ना!" मग चेंडू कोणाचा? जमिनीचा!

"मैदानात नाती नसतात!" घसा फोडून सांगितलं. आकांक्षाची जागा बदलली, तर शेजारी तिची मावशी निघाली... नववीतली! आता काय करावं माणसानं? परत आणली आत्याच्याच शेजारी!

तरी अकोल्यात विभागाच्या फायनलला पोचलो! जिंकलो की थेट राज्य स्पर्धा! शेवटचा सेट, तेरा-चौदा, समोरच्यांना एकच पॉइंट हवा... आणि चेंडू आला, फुग्यासारखा, हळू, उंच, बरोब्बर आत्या-भाचीच्या मधे! मी बाहेरून ओरडतोय, चेंडू कोणाचा? चेंडू कोणाचा? आणि आत?

"आत्या, तुमी घ्या ना!"

"घे वं तूच!"

धप्प!

मी डोकं धरून बसलो, आणि मागून टाळ्या! कोण? आमच्या क्रीडा मंडळाचे अध्यक्ष महादेवराव, प्रणालीचे वडील! "पाह्यलं का सर? काय वळण हाय आपल्या पोरीईले! अकोलेवाल्याईले शिकवा म्हणा असं!"

दुसऱ्या दिवशी राजीनामा लिहिला, तरातरा त्यांच्या घरी गेलो, आज सोडतच नाही म्हटलं! ते म्हणाले, "या जवाईबुवा, बसा, च्या घ्या. पुढच्या साली राज्यात जाऊनच राहू."

आता तुम्हीच सांगा... ते माझे चुलतसासरे! त्यांच्यापुढं आवाज चढवू? मान खाली घालून "जी मामाजी" म्हणालो, चहा प्यायलो, आणि घरी येऊन राजीनाम्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पुढच्या वर्षीच्या सरावाचं वेळापत्रक लिहिलं.