मारबतीच्या दिवशी काढलेला कचरा

नाही नाही भाऊ, चालू होते हा कंप्यूटर, चांगला चालू होते — बटन दाबलं का निळा उजेड येते, मंग ते गोल गोल फिरते, मंग पासवर्ड मागते. पासवर्ड पाठ हाय मले. बिघडला म्हनून नाही आनला मी. त्याच्यातून एक वस्तू गेली, तेवढी पाहा म्हनते. साकोलीत दोघायले दाखवला. एकानं तं झाकन पन नाही उघडलं, नुसतं आयकलं आन म्हने, बाई, लाखनीले धर्मेंद्रभाऊकडं घेऊन जा, गेलेलं परत काढते तो. म्हनून सानगडीवरून ऑटो करून आली. तुमीच न धर्मेंद्रभाऊ? हां. थोडं हळू बोला पन. काहून म्हंजे — तो पाहा, निंबाखाली ऑटो उभा हाय न, त्याच्यात आमचे हे बसून हायेत. बोलता येत नाही यायले, पन आयकू सारं येते. लोकायले वाटते बोलत नाही म्हंजे बहिरे. येऊन कानात वरडतात. बहिरे नाहीत जी.

कोनती वस्तू? गाने. एकशे बारा गाने, यायच्याच आवाजातले. तुमाले दंडार मालूम असन — दिवाळी झाली का गावोगावी मंडईची जत्रा, आन मंडईत रातभर नाचगान्याची दंडार — तं आमच्या गावच्या दंडारीत पुढं गानारे हेच. तीस वर्ष. लक्ष्मनराव उभे राहिले का मागचे लोक चहा टाकून पुढं येत, मी नाही सांगत, लोक सांगतात. मी तं तिकडं बायायच्या बाजूले बसो, मले लाजच वाटे. लिहून ठेवलेलं काही नाही, आज्यापासून तोंडातोंडी आलेलं. मंग यायच्या बहिनीची पोरगी, रुचिता, पुन्याले नोकरीवर हाय, तिनं तिचा जुना कंप्यूटर आनून देला. म्हने, मामाजी, तुमी गा, मी याच्यात भरते. दोन उन्हाळे लागले. दरवाजा लावून, पंखा बंद करून — पंख्याचा आवाज येते म्हने — घामानं भिजून गायचे. मी बाहेरून म्हनो, येडे झाले का हे दोघं. आन माघात लकवा मारला. उजवा हात गेला, जीभ गेली.

डॉक्टरीनबाईनं सांगितलं, यायले यायचाच आवाज आयकवा, रोज, तोंड हलवून पाहतीन. तवापासून मी रोज सकाळी चहा झाला का गाने लावत होती. आधी नुसते पाहत. मंग ओठ हालाले लागले. ते मागचे साथीदार 'जी जी' करतात न गान्यात — तं श्रावनात एक दिवस, मी परात घासून राहिली होती, आन मागून आवाज आला, 'जी'. यायचा. कंप्यूटरचा नाही, यायचा! सहा महिन्यातला पहिला बोल. परात तशीच टाकून धावली मी. मंग रोज तेवढं एक, 'जी'. त्याच्यावर आमचं घर चाललं, भाऊ, तुमाले खोटं वाटन.

आता मी सातवी शिकलेली. कंप्यूटर कोन शिकवते मले? रुचितानं फोनवरून सांगितलं, मी वहीत लिहिलं — हे पाहा, आनली वही. 'एक, मागचं बटन. दोन, पुढचं बटन. तीन, पासवर्ड. चार, दोनदा टकटक.' ते दोनदा टकटक तं आठ दिवस जमलं नाही. एकदा होये नाही तं तीनदा होये, दोनदा होतच नोहे. धानाचा रोवना करून करून हे बोटं असे, यायले का एवढं नाजूक समजते? आधी मी बंद करासाठी सरळ पिनच काढत होती भिंतीतून — रुचिता वरडली, मामी, त्याले सांगून बंद करत जा, झोपेतून वढल्यासारखं नको करू. तेही लिहिलं. फोल्डर म्हंजे डब्बा, डब्ब्यात डब्बा, हे समजलं. सी म्हंजे त्याचं स्वतःचं, हात नाही लावाचा, डी म्हंजे आपलं. पन एक तुमाले सांगते, आत का चाललं हे मले कधीच नाही समजलं. शेगडीत जाळ दिसते, मोटारीचं पानी दिसते. याच्यात काहीच दिसत नाही. विचारते, हो का नाही. तुमी हो म्हना का नाही म्हना, त्याले का फरक पडते.

मंग तो अटकाले लागला. गानं मधातच थांबे, आन यायचे ओठ तसेच उघडे राहत. पोळ्याच्या दिवशी रुचिताले फोन केला. ती म्हने, मामी, भरून गेला असन, नको असलेलं काढत जा, दोन-दोनदा असन तं एक ठेव, कचरा साफ कर. दुसऱ्या दिवशी मारबत. तुमाले कायले सांगा लागते — पहाटे उठून सारं घर झाडलं, जुना फडा, फुटकं सूप, मोडकी टोपली, सारं शिवेपार टाकून आली, 'घेऊन जा गे मारबत' करून. आंघोळ केली न बसली कंप्यूटरपुढं. म्हनलं आजचा दिवस चांगला हाय, याच्यातलीही इडापिडा काढू. तं का दिसलं? समोरच्या पानावर 'मामाजी गाने' लिहिलेला डब्बा, तिथूनच लावतो आमी रोज. आन आत डी मंदी पाहिलं तं तिथीही 'मामाजी गाने'. म्हनलं, हे दोन-दोनदा कायले? समोरचा ठेवला, आतला काढला. रोज लागते तोच ठेवन न मानूस? तुमीच सांगा.

नाही, आयकून घ्या पुरतं. ते बाल्टीत गेलं होतं. कचऱ्याच्या. मले मालूम होतं — हे पाहा, वहीत हाय, 'बाल्टीतलं चुकलं तं परत काढता येते, राहू देजो'. माझ्याच हातानं लिहिलं. पन मारबतीच्या दिवशीचा कचरा कोनी अंगनात ठेवते का, भाऊ? तो गावाच्या शिवेपार गेला पाह्यजे, नाही तं झाडलं का आन नाही झाडलं का. बाल्टीवर गेली, रिकामी कर म्हनलं. त्यानं विचारलं बरं, इमानदारीनं विचारलं, कायमचं काढू का. मी हो म्हनलं. आन तोंडातल्या तोंडात म्हनलं पन — हासू नका — 'घेऊन जा गे मारबत'.

आन तवाच हे मागून वरडले. खाटेवर बसून पाहून राहिले होते, मले काय मालूम? 'ऊंऊं' करून असे वरडले का कोंबड्या उडाल्या. मले वाटलं पानी पाह्यजे. गिलास नेला, तोंडाले लावला, यायनं डाव्या हातानं उडवला. ओली झाली मी सारी. आता सांगू नये, पन आलं तं सांगते — चिडली मी. म्हनलं, सारा दिवस तुमचंच करते, आज एक काम माझ्या मनानं जमलं तं तेही नाही पाहावत तुमाले? बोट दाखवत होते हो कंप्यूटरकडं. मी म्हनलं, हो हो, लावते गाने, सबूर. समोरच्या डब्ब्यावर टकटक केली. पहिल्या खेपेले जमली त्या दिवशी. तं एक चौकोन आला, वस्तू सापडत नाही. वस्तू सापडत नाही. चारदा वाचलं मी. मंग रुचिताले फोन केला, ती पुसे, मामी, समोरच्या डब्ब्याले खाली कोपऱ्यात बारका बान होता का? होता. तो बान म्हंजे डब्बा नाही म्हने, डब्ब्याकडं दाखवनारं बोट हाय. कोनी सांगितलं होतं मले? मले वाटलं डिझाइन हाय.

रुचिताचा मोबाईल? ज्याच्यात गायचे तो केव्हाचाच गेला, तिनं नवीन घेतला. पेन ड्राइव्हमंदी पन भरून ठेव, पहिलेच म्हने ती. मी म्हनलं घरीच तं हाय, कुठं जाते.

त्याच्यानंतर? त्याच्यानंतर का का केलं म्हंजे... काहून पुसता? वापरला मी. रोजच वापरला. यायले कसं सांगू का गाने गेले? म्हनलं, मशीन बिमार हाय जी, होते दुरुस्त. आन रुचिताले नाही विचारलं, माझ्याच मनानं — मले आता येते न डाउनलोड — दुसऱ्या गावच्या दंडारीचे गाने उतरवले. मिळन ते. दोनशे, तीनशे, आठ दिवस तेच काम. म्हनलं गानं तं गानं, तेवढं तोंड हालन. कुठं भरले? डी मंदीच. 'मामाजी गाने' नावाचा नवीन डब्बा करून, त्याच जागी. पहिलं गानं लावलं तं यायनं दोन ओळी आयकल्या आन भिंतीकडं मान फिरवली. तवापासून 'जी' पन नाही. पेज पाजते म्हनलं तं दात उघडत नाहीत. दसरा झाला, मंडई आली, गावचे लोक विचाराले येतात, वहिनी, औंदा लक्ष्मनरावचे गाने मंडईले लावू का भोंग्यावर. मी म्हनते, लावू न.

का म्हनता? फिरून सांगा. पुसलेलं लगेच जात नाही... बरं... तिथीच राहते, खाली... वरून दुसरं भरलं तं मंग... म्हंजे मी काही नसतं भरलं तं निघालं असतं? नुसता बंद करून ठेवला असता, तं? धानाच्या बांधीत रोवना पुरा झाल्यावर फिरून नांगर घातला मी, असंच न? आन वरून दुसऱ्याचं धान लावलं. आपल्या हातानं. यायलेच आयकवासाठी.

पन थोडे तं असतीन? एकशे बारापैकी एक? अर्धं? तुमी मशीन लावून पाहा न, आता नुसतं बोलून राहिले तुमी. नाही — पाहिलं तुमी मघाशी, मी सांगत होती तवा पडद्यावर हिरवी पट्टी चालली, तेच पाहनं होतं का? मंग त्याच्यात का दिसलं? काहीच...

हळू, भाऊ! हळू बोला म्हनलं न तुमाले पहिलेच!

...आयकलं यायनं. पाहा, डोकं बाहेर काढलं. अहो, काही नाही जी! चार दिवसानं या म्हनतात! — तुमी म्हना न जरा, भाऊ, तुमी म्हना, दुकानदाराचं खरं वाटते मानसाले. म्हना न. ठेवा हा कंप्यूटर इथीच, घरी नको मले, फोन केला का म्हनत जा काम चालू हाय.

थांबा. आयकून राहिले तुमी, ऑटोतून? हाच. मारबतीच्या दिवशीही हाच आवाज होता. आलीच जी, आली!

नाही, भाऊ, तो गिलास नका नेऊ. पानी नाही मागून राहिले ते.