जुना टेप चालत असल्यास

जबाब देणार: खाली सही करणारा, वय ७६ वर्षे. व्यवसाय: निवृत्त अध्यापक, विषय तर्कशास्त्र, सेवा चौतीस वर्षे. राहणार: पाण्याच्या टाकीसमोरील इमारत, तळमजला, उजवीकडचे दार. पूर्ण नाव नोंदवहीत घेतले आहे.

मी आज शुक्रवारी दुपारी पावणेचार वाजता ठाण्यात समक्ष हजर राहून, कोणाच्याही दबावाशिवाय सांगतो की, वरील पत्त्यावर मी, माझी पत्नी (वय ७३, निवृत्त प्राथमिक शिक्षिका) आणि आईच्या देखभालीसाठी आलेली आमची विवाहित मुलगी असे तिघे राहतो. माझ्या मालकीची करड्या रंगाची, सव्वीस वर्षे जुनी मोटार आहे. ती आठवड्यातून एकदा दवाखान्यापर्यंत जाते. एरवी इमारतीच्या आवारात उभी असते.

गाडीत कॅसेटचा टेप होता. अकरा वर्षांपूर्वी त्यात एक कॅसेट अडकली. बाहेर काढण्याचे बटण आत गेले ते पुन्हा वर आले नाही. टेप मात्र वाजत राहिला. एक बाजू संपली की दुसरी आपोआप सुरू होई. पत्नीने नोकरीत असताना दुसरीच्या वर्गाकडून म्हणवून घेतलेले पाढे त्या कॅसेटवर आहेत. आधी ती म्हणते, मागून वर्ग म्हणतो. सातच्या पाढ्यात सगळा वर्ग “सात आठे छप्पन्न” म्हणत असताना एक मूल ठासून “चोपन्न” म्हणते. त्यावर कॅसेटमध्ये कोणी काही बोललेले नाही. पाढा पुढे जातो.

चौदा महिन्यांपूर्वी पत्नीला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात आणि वाचा गेली. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी आम्हांला सांगितले होते की, पूर्वी पाठ असलेले काही तिच्या तोंडून निघू शकेल, परंतु त्याला बोलणे समजू नये. हा भेद मला मान्य आहे. झटक्यानंतर पाचव्या महिन्यात दवाखान्यातून परतताना टेप सुरू होता. “चोपन्न” ऐकताच पत्नीने डाव्या हाताने समोरच्या फळीवर थाप मारली आणि “छप्पन्न” असे स्पष्ट म्हटले. हे पाठांतर नव्हे. चूक ऐकणे, ती चूक आहे असे ठरवणे आणि ती दुरुस्त करणे, अशा तीन क्रिया त्यात आहेत. मी हे उपचार करणाऱ्या बाईंपुढे मांडले. त्या म्हणाल्या, “अहो काका, मग हे बोलणंच झालं की!”

तेव्हापासून रोज चार वाजता मी पत्नीला गाडीत पुढच्या आसनावर बसवत असे. मुलगी दारातून हाक मारी, “चला बाई, शाळा भरली!” गाडी कोठे जात नसे. वीस-पंचवीस मिनिटांनी आम्ही घरात येत असू. या नऊ महिन्यांत पत्नी दुसरा कोणताही शब्द बोललेली नाही. माझे नाव घेण्याचा प्रयत्न तिने दोनदा केला, नंतर केला नाही.

डावीकडचा स्पीकर फाटला होता आणि आवाज चिरका येई. पत्नीला मुले स्पष्ट ऐकू यावीत म्हणून चारही स्पीकर नवे घ्यावेत असे मी ठरवले. मुलीचे म्हणणे पडले की हवा असल्यास पडदाही बसवून घ्यावा, म्हणजे मोबाईलवरचे वाचेचे व्यायाम गाडीत लावता येतील. कॅसेटची नक्कल का केली नव्हती, असे मला ठाण्यात विचारण्यात आले. मुलीने मोबाईलवर नक्कल करण्याचे तीनदा सुचवले होते. फाटक्या स्पीकरवरून घेतलेली नक्कल सदोष येईल, नवे बसल्यावर घेऊ, असे मी तिन्ही वेळा सांगितले.

मंगळवारी सकाळी दहा वाजता मी गाडी मोटारींत स्पीकर बसवणाऱ्या कारागिराकडे दिली. त्याला सर्व जण भोंगे म्हणतात. हे त्याचे आडनाव नाही. देताना मी टेप बंद केला होता. तो परक्याने ऐकावा असे मला वाटले नाही. भोंगे म्हणाला, “काका, काय काय करायचं ते एकदाच सांगून टाका, नंतर फोनवर फोन नको.” मी घरून लिहून आणलेला कागद त्याला दिला. त्यातील तिसरे कलम असे: “जुना टेप चालत असल्यास तो काढू नये. अन्यथा त्याच्या जागी पडदा बसवावा.”

हा कागद मुलीने आदल्या दिवशी वाचला होता. ती म्हणाली होती, “बाबा, तो माणूस गाड्या दुरुस्त करतो, परीक्षेला बसलेला नाही. सरळ लिहा ना, टेपला हात लावू नका.” मी उत्तर दिले की कारण न देता केलेली मनाई ही मनाई नसून हट्ट असतो.

गुरुवारी दुपारी बारा वाजता मी गाडी आणावयास गेलो. टेपच्या जागी पडदा होता. टेप कोठे आहे असे मी विचारले. त्यानंतरचे बोलणे येणेप्रमाणे झाले.

भोंगे म्हणाला, “तो गेला भंगारात. चालत नव्हता ना.”

मी म्हणालो, “चालत होता.”

“काका, कॅसेट आत गेली आणि बाहेर येत नाही, त्याला आमच्यात चालतो म्हणत नाहीत, अडकलाय म्हणतात. तुमच्याच कागदात आहे, नसेल चालत तर पडदा लावा. दोनदा वाचला मी. आजवर एवढं नीट कुणी लिहून दिलं नव्हतं.”

तो वाजवून पाहिला का, असे मी विचारले. बॅटरीची तार सोडल्याखेरीज तो कोणत्याही गाडीला हात लावत नाही, आणि तार सोडल्यावर काहीच वाजत नाही, असे त्याने सांगितले. ही पद्धत योग्य आहे. मी सर्व हकीकत सांगितल्यावर त्याने दुकान उघडे टाकून मला स्वतःच्या स्कूटरवर भंगाराच्या वखारीत नेले.

वखार चालवणाऱ्या बाईंनी सांगितले की सकाळी त्याच्याकडून आलेले खोके पोत्यात रिकामे करून, पोती अकराच्या ट्रकने कारखान्यावर पाठवली. “आजोबा, पोत्यात काय गातंय ते मी ऐकत बसले तर वखार कोण बघणार?” असे त्या म्हणाल्या. नंतर भोंगे त्यांच्या कानात काही बोलला. त्यावर त्यांनी मला बसण्यास खुर्ची दिली. ट्रकचा क्रमांक वा कारखान्याचा फोन देण्यास त्यांनी नकार दिला. पोलिसांनी विचारल्यास देईन असे म्हणाल्या.

काल चार वाजता पत्नी दाराशी येऊन उभी राहिली. मी तिला गाडीत बसवले. टेप सुरू करण्याचे बटण जेथे होते त्याच जागी तिने बोट ठेवले. पडद्यावर, त्यासोबत बसवलेल्या मागच्या कॅमेऱ्यातून, गाडीच्या मागची भिंत दिसू लागली. तिने पुन्हा बोट ठेवले. भिंत गेली आणि चित्रे आली. तिने सात वेळा बोट ठेवले. मुलीने मोबाईलवरून पाढ्यांचे दुसरे ध्वनिमुद्रण लावले. त्यात चूक नव्हती. थाप पडली नाही.

त्यानंतर मी स्वतः सातचा पाढा म्हटला आणि आठव्या पायरीवर हेतुपुरस्सर “चोपन्न” म्हणालो. पत्नीने माझ्याकडे पाहिले. होकारार्थी मान हलवून ती “चोपन्न” असे म्हणाली. एकूण सहा वेळा मी हे करून पाहिले. सहाही वेळा ती माझ्यामागून “चोपन्न” म्हणाली. आमच्या लग्नाला एकोणपन्नास वर्षे झाली आहेत.

आज येथील ठाणे अंमलदारांनी माझ्यासमोर वखारीतून क्रमांक घेऊन कारखान्यावर फोन केला. तेथील मुकादमाने सांगितले की पोती काल संध्याकाळीच फोडली. लोखंड, तांबे आणि प्लास्टिक हाताने वेगळे करतात. कॅसेटची फीत यंत्रात गुंतते, म्हणून ती आधी ओढून काढून जाळतात. अंमलदारांनी “सगळ्याच?” असे दोनदा विचारले.

वस्तू मालकाच्या लेखी सूचनेनुसार काढलेली असल्याने चोरी, अपहार वा फसवणूक यांपैकी कोणताही गुन्हा दिसत नाही, असे अंमलदारांनी मला समजावले. हा युक्तिवाद निर्दोष आहे. कारागिराचा दोष नाही, वखारीच्या बाईंचा नाही. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

मग जबाब कशासाठी, असे तो लिहून घेणाऱ्या हवालदारांनी विचारले. मी सांगितले की माझ्या पत्नीच्या दवाखान्याच्या कागदावर “वाचा: नाही” असे लिहिलेले आहे. ते खरे नव्हते. गेल्या सोमवारपर्यंत ती दररोज एक शब्द स्वतःहून बोलत होती आणि तो दररोज बरोबर होता. हे घराबाहेर कोठेतरी लिहिलेले असावे, एवढीच माझी विनंती आहे.

वरील मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. तो माझ्या सांगण्याबरहुकूम आहे. त्यात कोठेही संदिग्धता राहिलेली नाही.

सही