वजनकाट्यावरचा नवरदेव

माझ्याच लग्नाला मी उशिरा पोचलो, ते तुम्हाला सांगितलंय का कधी? आणीबाणीतली गोष्ट. सासुरवाडी श्रीपूरच्या पलीकडं. वऱ्हाड ट्रॅक्टरनं पुढं गेलं, पण नवरदेव आपल्याच गाडीतनं न्यायचा, ही माझ्या चुलत्यांची, आप्पांची हौस. म्हणून मी मागून बैलगाडीत. माघातलं धुकं असं, की बैलांची शिंगंसुद्धा दिसेनात.

मी म्हटलं, "आप्पा, वाट चुकलोय आपण."

आप्पांनी कासरा सैल सोडला. "गप बस की. बैलांना वाट ठाव हाय."

ठाव होती, पण कारखान्याची. सगळा हंगाम ऊस वाहिलेले बैल, ते सरळ उसाच्या गाड्यांच्या रांगेत जाऊन उभे राहिले. धुकं विरलं तेव्हा पुढं गाड्या, मागं गाड्या आणि मधे मी, मुंडावळ्या बांधून. बैल काही रांग सोडेनात. शेवटी गाडीवानांनीच हसत हसत आम्हाला पुढं काढलं.

वजनकाट्यावरच्या बाबूनं विचारलं, "ऊस कुटं हाय?"

आप्पा म्हणाले, "ऊस न्हाय, नवरदेव हाय."

"मग कारखान्याचं धुराडं पाठीशी ठिवून सरळ जावा. मुहूर्त गाठा."

मुहूर्त टळलाच. मांडवात सासरे आप्पांवर लई तापले. आप्पांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. तेवढ्यात अंतरपाटापलीकडनं नवरीचा आवाज आला, "आधी त्या बैलांना पेंड घाला. कामावर जाऊन आलेत बिचारे."