आमच्या गिऱ्हाइकांना नावं

चहा गार झाला तरी चालेल, आधी हे ऐका. दिवाळीआधी जुन्या गिऱ्हाइकांना आमच्या यशवंतपूरच्या चकलीच्या दुकानाची आठवण करून द्यावी, म्हणून मी सगळ्यांना ईमेल पाठवले. नावं बायकोच्या फोनमधून आपोआप उचलली गेली, आणि तिनं तिथं बहुतेकांची खूण लिहिलेली! मेल गेले, ‘प्रिय स्वल्प-कमी-करा अण्णा’, ‘प्रिय चव-बघून-जाणाऱ्या अक्का’.

बायको म्हणाली, “आता बसा माश्या मारत.”

सकाळी बघतो तर मेट्रोच्या जिन्यापर्यंत रांग. पुढे तेच अण्णा, ऐटीत. “सगळी बिल्डिंग मला ‘स्वल्प’ म्हणतेय. दोन किलो द्या, आज भाव कमी करू नका.”

मागून शांताक्का कडाडल्या, “मला नुसतं ‘प्रिय शांताक्का’? इतकी वर्षं येतेय, मला नावं ठेवायला काय झालं होतं तुम्हाला?”