सुपावरची प्रार्थना

माजं माहेर वडवणीकडचं, आज्यापासून आमी ख्रिस्ती. लगीन होऊन नेकनूरजवळच्या या गावात आले तवा सासूनं पयल्यांदा काय शिकवलं सांगू का, सैपाक न्हाई, आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठिवून प्रार्थना कशी करायची ते. गावानं कधी नावं ठिवली न्हाईत. कुणाचं लेकरू तापलं, कुणाची शेळी अडली, की चला रुताक्काकडं, आन म्या बी मोठ्यांदा करायचे, आवाज पार चावडीपातुर जायचा, मालक म्हणायचे देव काय बहिरा हाय का. गेले बिचारे, सुटले, हे दिवस बगायला न्हाईत.

आता तुमी लिवून घेताय म्हणून सांगते, पलीकडल्या गावात प्रार्थनेला बसलेल्या लोकांना मारलं, बाटवता म्हणून, बाया बी सोडल्या न्हाईत, समद्यांच्या मोबाइलवर आलं ते. आमच्या पाळकांनी रविवारची उपासना बंद केली, म्हणले घरातच गुमान करा, परक्याच्या डोक्यावर हात ठिवू नका. तवापासून कडी वाजली तरी आदी फटीतून बगते, मगच दार उघडते.

अशात एक दिवस सोजरा आली. शेजारीण माजी, मेंढरं हायत त्यांची. खांद्यावर नात, अंग निस्तं भाजत व्हतं. म्हणली अक्का, हात ठिव. मी दारात ज्वारी निवडीत बसलते, आन समोर पारावर पोरं मोबाइल घेऊन. म्या म्हणलं आदी दवाखान्यात ने, ती म्हणली नेतेच की, गाडी आणाया गेलेत, तवर कर, कावून करीनास. लेकराला न्हाई म्हणलं तर देवाला काय तोंड दावू, आन हात ठिवला तर उद्या माजं घर ऱ्हाईल का. मग म्या मान वर केली न्हाई, डोळे बी मिटले न्हाईत, खडे निवडीत निवडीत व्हटातल्या व्हटात प्रार्थना केली, आमेन सुदीक गिळलं. सोजरा माज्या हलत्या व्हटाकडं आन हाताकडं बगत बसली. गाडी आली, गेली.

पोरगी बरी झाली. पर सोजरा तोंडाची लई मोकळी, ही गावभर सांगणार अक्कानं प्रार्थना केली, आन मी मेले, असंच वाटायचं. आन एक दिवस पारावरच्या पोरांनी माज्या दारासमोरच तिला अडवलं, इचारलं म्हातारीनं काय केलं, प्रार्थनेचं तेल लावलं का, येशू म्हणली का. मी दाराआड, कडी धरून. सोजरा म्हणली मेल्यांनो, ज्वारी निवडीत व्हती ती, मी तितंच बसलते, खडे लई व्हते ज्वारीत. आन गेली निघून.

भ्या गेलं न्हाई, खोटं कावून बोलू. पर आता दिस कलला की सोजरा तिचं सूप घेऊन माज्याजवळ बसती. म्हणती अक्का निवड, मेंढरू लंगडायलंय, न्हाईतर निवड, सुनेला दिवस गेलेत. मी निवडते. तिच्या सुपातली ज्वारी साफ असती, एक खडा नसतो, तरी दोघी खाली मान घालून निवडीत बसतो, आन पारावरून पोरं बगत्यात. देव तिचं भलं करो, तुमी लिवा तेवढं, मला मोठ्यांदा म्हणाया भ्या वाटतंय.