पट्ट्याचं बकल

(अलाबामा, १९४९. काळ्यांच्या बेसबॉल टीमची बस, मैदानाबाहेर उभी.)

केटो : आज मी चेंडू टाकणार नाही, एझेल. दुसऱ्या कुणाला तरी उभं कर.

एझेल : मॅनेजर तू आहेस का मी? बूट घाल. मैदानवाले काळ्यांना आत कपडे बदलू देत नाहीत, म्हणून बसमध्येच आधी तासभर गेलाय.

केटो : तो हॅटवाला गोरा मलाच बघायला आलाय ना?

एझेल : तुलाच. दोन वर्षांपूर्वीही गोऱ्यांच्या मोठ्या लीगवाल्यांनी चिठ्ठी पाठवून तुलाच बोलावलं होतं. तू गेला नाहीस.

केटो : काय तोंड घेऊन जाऊ? माझा चेंडू बॅटपाशी ऐन वेळी खाली पडतो आणि समोरचा चुकतो, तो तुझ्यामुळे. झेलून माझ्याकडे परत फेकताना तू पट्ट्याच्या बकलावर त्याला हळूच ओरखडा काढतोस, म्हणून. तिकडे चेंडू तपासतात. पहिल्याच दिवशी शोभा झाली असती.

एझेल : माझा अंगठा बघ.

केटो : अकरा वर्षं बघतोय. आल्याचा तुकडा बरा दिसतो.

एझेल : सेहेचाळीस साली पुन्हा मोडला, तेव्हापासून त्यात जोर नाही. बकलावर चेंडू दाबताच येत नाही मला.

केटो : म्हणजे?

एझेल : तीन वर्षं तू बिनओरखड्याचा साधाच चेंडू टाकतोयस, तरी तो पडतोच. मी नुसता हात पट्ट्याशी नेतो. तुला धीर यावा म्हणून.

केटो : थट्टा करू नकोस, म्हाताऱ्या.

एझेल : थट्टा नाही.

केटो : मी तुझ्यासमोर त्यांची चिठ्ठी फाडली. तेव्हा तुला माहीत होतं?

एझेल : होतं.

केटो : आणि तू बघत बसलास.

एझेल : बसलो. तू गेलास की मालक टीम मोडणार होता. वीस वर्षांत नऊ टीमा फिरलो मी. मोडक्या अंगठ्याच्या कॅचरला दहावी कोण देणार? परत कापूस वेचायला जायची भीती वाटली, केटो. लाज वाटते मला.

केटो : तेव्हा मी बत्तीसचा होतो.

एझेल : लोकांना सव्वीस सांगायचास.

केटो : आता किती सांगू?

एझेल : अठ्ठावीस सांग. मी हो म्हणेन.

केटो : तुझं हो घेऊन आता काय चाटू?

एझेल : मला हवं ते बोल. पण आजचा दिवस घालवू नकोस.

केटो : पट्टा काढ.

एझेल : काय?

केटो : काढ आणि सीटवर ठेव. पँट सुतळीनं बांध. तुझा हात कमरेकडे गेलेला आज मला दिसायला नको.

एझेल : म्हणजे टाकतोयस. मग माझ्या जागी कॅचर म्हणून हॉलिसला बसवू का? मी बाहेर थांबतो.

केटो : नको. तूच बस. चेंडू कसा टाकायचा त्या दुसऱ्या कुणाच्या खुणा मला कळत नाहीत.