एका ओळीतली नऊ बटणं

माननीय अध्यक्षा श्रीमती येगर, मंचावरचे आपले सत्कारमूर्ती मिस्टर डेल्बर्ट क्रिगलर, पाहुणे आणि युद्धातल्या जुन्या वस्तूंसाठी निम्मं व्हर्जिनिया उकरून दमलेल्या माझ्या मंडळींनो,

आधी एक दुरुस्ती. मिस्टर डेल्बर्ट कायमचे फ्लोरिडाला निघाले, म्हणून क्लबच्या पत्रिकेत मी त्यांच्यावर लेख लिहिला. यादवी युद्धातली त्यांची ती प्रसिद्ध नऊ गरुडछाप लष्करी बटणं 'शेतभर विखुरलेली' सापडली, असं त्यात छापलंय. त्यांनीच तसं सांगितलं होतं. ते चूक आहे. रविवारी त्यांनी मोठ्या कौतुकाने खोदकामाचा फोटो दाखवला, पुढच्या अंकासाठी प्रतही दिली. बटणं एकाच खड्ड्यात आहेत. एका ओळीत, चार-चार बोटांवर.

मी शाळेत गेले नाही. आईने स्वयंपाकघरात शिकवलं, अक्षरंसुद्धा बटणांवरून: आय म्हणजे पायदळ, सी म्हणजे घोडदळ. आणि पहिला नियम हा, की एकटं बटण तुटून पडलेलं असतं, ते खुशाल उचलावं. ओळीने निघाली तर तिथे कोट आहे आणि कोटात माणूस. खड्डा बुजवायचा, शेरीफला कळवायचं. हा नियम इथे कुणाला ठाऊक नाही? सगळ्यांनी एकदम ताटात पाहिलंत. चिकन खरंच छान झालंय.

फोटो पाहून मी रविवारीच विचारलं, "मिस्टर डेल्बर्ट, कोटात कोणी होतं का?"

"पोरी, मी बटणं जमवतो, माणसं नाही."

"पण हाडं?"

"होती थोडी. अगं, यांकी होता तो, उत्तरेच्या फौजेतला! इथे कोण रडतंय त्याच्यासाठी?"

किती काटेकोर माणूस! एकेक बटण मऊ ब्रशने घासलं, पाठीवरचं कारखान्याचं नाव भिंगातून वाचलं, मखमलीवर बसवलं. मालक तेवढा शेतात राहिला. दर मे महिन्यात आपण सैनिकांच्या थडग्यांवर झेंडे लावतो. सगळ्यात मोठा झेंडा कुणाच्या हातात असतो, हे मी सांगायला हवं का?

त्या शेतात जूनपासून घरांचे पाये खणणार आहेत. मग तो सैनिक कुणालाच सापडायचा नाही.

मिस्टर डेल्बर्ट, तुम्ही स्वतः शेरीफकडे गेलात, तर माझ्याइतकं हायसं कुणालाच वाटणार नाही. मी हे रागाने नव्हे, भीत भीत बोलतेय. या सभागृहात तुम्ही सर्वांनी मला लहानाची मोठी केलंत, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. फोटो मात्र मी परत देणार नाही. तो घेऊन मी शेरीफच्या कचेरीत जाणार आहे, येत्या मंगळवारी, चौदा मे रोजी.